सतरा फुटांचा पाळणा

"सतरा फूट," पोतनीस साहेबांनी वाकून आकडा वाचला आणि खिशातल्या वहीत टिपून घेतला.

टेपचं खालचं टोक त्यांनी पाळण्याच्या पायफळीला टेकवलं होतं. वरचं टोक माझ्या थोरल्या चुलत्यांनी, नानांनी, धरलं होतं. नाना शिडीवर चढून आकाशपाळण्याच्या आसाशी उभे होते आणि उपरण्याने मान पुसत होते. चैत्रातलं ऊन सकाळी नऊलाच तापलं होतं.

"आसापासून विजेच्या तारेपर्यंत वीस फूट," साहेब सरपंचांना म्हणाले. "विसातून सतरा गेले, उरले तीन. नियमाला सहा लागतात. हा पाळणा चालू करता येणार नाही."

आई आणि मी तिथेच हातभर अंतरावर उभ्या होतो. आईच्या हातात आसाला घालायच्या एरंडेलाची वाटी होती. पण साहेबांनी आमच्याकडे पाहिलं नाही. पाळणा कोणाचा, हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं. शिडीवर पुरुष उभा होता, म्हणजे पाळणा त्याचाच, असं ते धरून चालले असणार.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. आज ब्याऐंशी पूर्ण झाली. जत्रेचं गाव नीरेच्या काठचं, पण नाव लिहीत नाही, कारण माझी भाची त्याच गावात दिली आहे आणि तिच्या सासरी वाचणारी माणसं आहेत. त्या गावात त्या वर्षीच वीज आली होती. जत्रेच्या मैदानाच्या कडेने नवी तार गेली होती आणि तिच्यासाठीच वीज खात्याने हा ओव्हरसियर पाठवला होता. पाळण्याची जागा मात्र पिढ्यान् पिढ्यांची होती. एका अंगाला आता तार आली, दुसऱ्या अंगाला देवाच्या पालखीची वाट, तिच्यावर कोणी वीतभरही सरकत नसे.

आम्ही सुतार. पाळणा माझ्या वडिलांनी, अप्पांनी, स्वतः घडवला होता. बाभळीचे दोन खांब, अठरा फुटांवर आस, त्याला अकरा अकरा फुटांचे चार सागवानी हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला लोंबता एक पाळणा. इंजिन नाही की काही नाही. दोन बाजूंना दोन माणसं उभी राहायची आणि खाली येणारा पाळणा हाताने ढकलत चाक फिरवत ठेवायची. त्याआधी दोन वर्षं अप्पा गेले आणि एका बाजूला आई उभी राहिली, दुसऱ्या बाजूला मी. आई नऊवारीचा काष्टा मारून पाळणा ढकलायची, ते बघायलाच काही लोक यायचे. यायचे ते पाळण्यात बसूनही जायचे, म्हणून आई त्यांना काही म्हणत नसे.

भावकीला ते रुचणार नव्हतंच. दिवाळीनंतर सगळे बसले आणि ठरलं, की बाईने वर्षभर चालवून बघावं, पण एका जरी जत्रेत पाळणा चालला नाही तर तो नानांच्या ताब्यात जाईल आणि आम्ही दोघी नानांच्या घरी राहायला जाऊ. माझं कॉलेज सुटेल हे त्या बैठकीत कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. नानांनी माझ्यासाठी वाठारच्या बाजूचं एक स्थळ आधीच बघून ठेवलं होतं. आमच्या वाडीतून तालुक्याच्या कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. इंटर सायन्सची परीक्षा चार दिवसांवर होती आणि वह्या मी ट्रंकेत घालून जत्रेत आणल्या होत्या.

नाना शिडीवरून उतरले. ते आईशी बोलले नाहीत, कारण तसा रिवाजच नव्हता. थोरल्या दिरासमोर बाईने पदर पुढे ओढायचा आणि तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं झालं तर पोरांच्या तोंडून. आई लग्न होऊन आली त्याला एकवीस वर्षं झाली होती. त्या एकवीस वर्षांत तिचा एक शब्द सरळ नानांच्या कानावर पडला नव्हता. त्या दोघांमधलं सगळं बोलणं माझ्यातून जायचं.

"द्वारके," नाना मला म्हणाले, "आईला सांग, वाईट वाटून घेऊ नको म्हणावं. देवाची मर्जी. मी गाडी आणलीच हाय, दुपारनंतर खोलायला लागू."

जत्रेला रिकामी बैलगाडी घेऊन कोण येतं, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

आई तिथेच उभी होती, तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती पदराआडून म्हणाली, "नानास्नी म्हणावं, जेवून घ्या. पिठलं झालंय."

मी पालखीच्या वाटेकडेच्या एका धोंड्यावर जाऊन बसले. मला खूप राग आला होता, पण कोणाचा ते समजत नव्हतं. साहेबांचा म्हणावा तर त्यांनी माप माझ्या डोळ्यांदेखत घेतलं होतं. विसातून सतरा गेले की तीन उरतात, यात भांडायला जागा कुठे होती?

आईने आसाला एरंडेल घातलं आणि ते आत मुरावं म्हणून रिकामा पाळणा एकटीनेच सावकाश फिरवायला लागली. चार-पाच फेरे झाले. मग तिने तो मध्येच थांबवला. लाकडी हात बरोबर तारेच्या दिशेने आडवा झाला होता. खालच्या पाळण्याला खांदा लावून, पाय रोवून ती तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. एवढं मोठं चाक फिरता फिरता असं थांबवायचं म्हणजे खांदा निखळायची पाळी. दमली असेल, मला बोलावत असेल, असं वाटून मी उठले. आणि उठता उठता त्या आडव्या हाताकडे बघितलं.

हात आडवा होता, पण पाळणा आडवा नव्हता. तो सरळ खाली लोंबत होता.

पाळणा लोंबतो हे दोन वर्षं प्रत्येक जत्रेत बघत होते मी. पण बघणं वेगळं. साहेबांनी माप घेतलं तेव्हा पाळणा तळाला होता. तिथे हाताचे अकरा फूट आणि त्याखाली पाळण्याचे सहा, एका रेषेत, म्हणून सतरा. तोच पाळणा माथ्यावर गेला की पायफळी आसाच्या वर फक्त पाच फूट राहते, कारण तिथेही तो खालीच लोंबतो. तळाला सतरा, माथ्यावर पाच. म्हणजे पायफळी ज्या वर्तुळात फिरते त्याचा मध्य आसात नाहीच. तो आसाच्या सहा फूट खाली, उघड्या हवेत आहे. आणि त्रिज्या सतरा नाही, अकरा आहे.

मी ट्रंक उघडली. वर्षभर त्या वहीत मी वर्तुळावर फिरणारे बिंदू मांडले होते आणि त्यांतला एकही बिंदू कुठल्या जत्रेतला नव्हता. आता मी नवं पान काढलं आणि लिहिलं. जमिनीपासून उंची: बारा अधिक अकरा साइन थीटा. आसापासून आडवं अंतर: अकरा कोसाइन थीटा. पाळण्याचे सहा फूट उंचीतून वजा झाले, अठराचे बारा उरले. आडव्या अंतरात ते सहा कुठे आलेच नाहीत. आणि कोसाइन एकाच्या पुढे जात नाही. सरपंच सांगो, साहेब सांगो, भावकी बसो, जात नाही म्हणजे जात नाही.

साहेब आणि भोईटे सरपंच मांडवात चहा घेत होते. नाना खालच्या अंगाला बसले होते. मी वही घेऊन उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं वर्तुळ चुकलंय."

सरपंच हसले. "पोरी, ही शाळा न्हाई. जा, आईला मदत कर."

"आईलाच मदत करतेय."

पोतनीस साहेब पंचविशीचे असतील, नोकरीत नवीन. पांढरा स्वच्छ बुशशर्ट, खिशाला पेन. त्यांनी मला वर्ग विचारला. मी सांगितला.

"मुलींना गणित असतं?"

"असतं. नापासही करतात."

त्यांनी वही घेतली. मी त्यांना बाहेर नेऊन तो लोंबता पाळणा दाखवला. आईने अजून चाक तसंच धरलं होतं. पानावरच्या दोन ओळी त्यांनी वाचल्या, मग पाळण्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचल्या. त्यांना समजलं आहे हे मला दिसलं. पण समजलं म्हणून ते गप्प बसले नाहीत, आणि आज मला वाटतं ते बरंच झालं.

"उभ्या चाकाला हे ठीक आहे," ते म्हणाले. "चाक फिरायला लागलं की पाळणा बाहेर फेकला जातो. गोफणीतला दगड लोंबत राहतो का? शिवाय तू पाळणा म्हणजे एक रेघ धरली आहेस. त्याला रुंदी आहे."

दुसरी चूक माझी होती, ती मी कबूल केली. पाळणा मध्यापासून दोन्हीकडे दीड दीड फूट होता. अकरा आणि दीड, साडेबारा. तारेपासून सहा फूट सोडायचे म्हणजे चौदाच्या आत राहायचं. दीड फूट हातात होता.

राहिली गोफण. मी त्यांना मनगटावरचं घड्याळ लावायला सांगितलं. आईने आणि मी नेहमीच्या चालीने चाक फिरवलं आणि साहेबांनी वेळ मोजला. एक फेरा बारा सेकंदांत. मग मी धोंड्यावर वही ठेवली आणि त्यांच्यादेखत पुढचं मांडलं. थीटाच्या जागी वेळ घातला, दोनदा अवकलन केलं आणि पाळण्याला आत ओढणारं त्वरण काढलं. ते सेकंदाला सेकंदाला तीन फूट आलं. पृथ्वीचं बत्तीस. म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा, आणि पाळणा बाहेर कलेल तोही तेवढाच. सहा फुटांचा दहावा हिस्सा म्हणजे सात इंच.

साहेबांनी स्वतःच्या वहीत तेच पुन्हा करून बघितलं. "सात," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली धार थोडी कमी झाली होती. "पण हे कागदावर झालं. खाली माणसं उभी असणार. कागदावर सही मी करतोय, तू नाही."

"मग तुम्हीच बसून बघा."

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. मागे तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती, ती खूश झाली. देवळाच्या पायऱ्यांना गेरू लावायचं काम चालू होतं, तिथून मी भिजवलेल्या गेरूची बादली आणली आणि एका बांबूला खालपासून वरपर्यंत थापली. तारेच्या अंगाला, आसापासून बरोबर चौदा फुटांवर बांबू रोवला. अंतर साहेबांनी मोजलं. या वेळी टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं.

"तुमचे सतरा खरे असतील तर शर्ट लाल होईल," मी म्हणाले. "माझे खरे असतील तर होणार नाही."

साहेबांनी शर्टाकडे बघितलं. मग सरपंचांकडे बघितलं, आणि बसले. आमच्या पाळण्यात एका बाजूला माणूस बसला की समोरच्या पाळण्यात तेवढंच वजन लागतं, नाहीतर चाक ओढ घेतं. आईने मला खुणेने सांगितलं, मी सरपंचांना. भोईट्यांना सगळ्या गावासमोर नाही म्हणता येईना. ते साहेबांच्या दीडपट होते, म्हणून आईने साहेबांच्या पायाशी दोन धोंडे ठेवले.

आणि मग नाना पुढे आले.

"दोन भारी माणसं हायती," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बायकांचा जोर पुरायचा न्हाई. मी फिरवतो." आणि त्यांनी माझ्या बाजूच्या पाळण्यावर दोन्ही पंजे ठेवले.

माझ्या सात इंचांत बारा सेकंद होते. वेग दुप्पट झाला तर कलणं चौपट होतं, सातचे अठ्ठावीस इंच, आणि हातात फक्त दीड फूट. नानांचे हात जन्मभर करवत चालवलेले. दोन दणके दिले की साहेब गेरूत. आणि नाना माझ्याकडे बघतच नव्हते. ते बांबूकडे बघत होते. तेव्हा, इतक्या उशिरा, मला सकाळची शिडी आठवली. ओव्हरसियरला कळलं नव्हतं हे ठीक. पण हा पाळणा घडवताना नाना अप्पांच्या शेजारी बसले होते. पाळणा कसा लोंबतो हे सुताराला कळत नाही? त्यांनी टेप धरली होती तेव्हाच त्यांना माहीत होतं, की साहेब चुकीचं मोजतोय.

मी काहीतरी बोलणार होते. सगळ्यांसमोर, थोरल्या चुलत्यांना.

"दादा, बाजूला व्हा."

आवाज कोणाचा हे पहिल्यांदा मलाही समजलं नाही. आईचा आवाज इतका मोठा मी ऐकलेला नव्हता. तिने पदर मागे टाकून कमरेला खोचला होता. उघड्या तोंडाने ती सरळ नानांकडे बघत होती.

नानांनी मागे वळून बघितलं, जणू दुसऱ्याच कोणाला ती दादा म्हणाली असावी.

"तुमास्नीच म्हणतेय. हात काढा. पाळणा माझा हाय. मी फिरवणार आन् माझी पोर फिरवणार."

वरच्या पाळण्यातून भोईटे सरपंच म्हणाले, "कोणी का फिरवंना, पण आम्हाला खाली तरी घ्या." नानांनी हात काढले, पहिल्यांदा एक आणि नंतर दुसरा.

आम्ही फिरवायला लागलो. आई ओठातल्या ओठात आकडे मोजत होती, एक ते बारा. मीही मोजत होते. साहेब बांबूच्या बाजूने वर गेले, माथ्यावरून आले, उतरले, पुन्हा गेले. पाळणा त्या बाजूला थोडा कलायचा, सांगितला होता तेवढाच, आणि बांबूपासून वीतभर लांबून निघून जायचा. पाच फेरे झाले. साहेब बांबूकडे डोळे लावून बसले होते. सहाव्या फेऱ्याला त्यांनी घट्ट धरलेली साखळी सोडली आणि मांडीवर हात ठेवले.

खाली उतरल्यावर त्यांनी शर्टाच्या दोन्ही बाह्या उलट्यासुलट्या करून बघितल्या. परवान्यावर सही केली. खाली एक अट लिहिली, फेऱ्याला बारा सेकंदांपेक्षा कमी वेळ घेऊ नये. मग टेप गुंडाळत ते नानांना म्हणाले, "तुम्ही सुतार ना? मला वाटलं, चुकत असतो तर सांगितलं असतंत."

"मला जे टोक धरायला सांगितलं ते मी धरलं," नाना म्हणाले.

नानांनी बैल जुंपले आणि गाडी रिकामीच परत नेली. पिठलं जेवले नाहीत.

चौथ्या दिवशी मी परीक्षेला गेले. माझ्या जागी आईने बांगड्यांच्या दुकानातली एक कासारीण उभी केली होती. तिला बारापर्यंत मोजायला शिकवायला दोन दिवस लागले म्हणे. पुढे मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. नाना आणखी सोळा वर्षं होते. त्या दिवसानंतर आई त्यांच्याशी कधी माझ्यातून बोलली नाही. जे काय बोलायचं ते समोर उभं राहून, दादा म्हणून, नीट मानाने. नानांना ते शेवटपर्यंत जड गेलं.

त्या दिवशी दुपारी पहिल्या फेरीची माणसं पाळण्यात चढत होती, तेव्हा मी आईला विचारलं, "सकाळी पाळणा आडवा करून का थांबली होतीस?"

"तू बघावंस म्हणून."

"म्हणजे माप चुकलंय हे तुला आधीच कळलं होतं?"

"दोन वर्षं ढकलतेय मी. पाळणा त्या अंगाला कुठवर जातो हे काय मला टेपनं कळायचंय?" तिने समोरच्या पाळण्याची साखळी लावली, ओढून बघितली. "पण मी तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, दिराशी भांडायला उठली. तू मांडलंस म्हणून ते गणित झालं."

"मग शेवटी बोललीसच की."

"त्यांनी हात लावला तिथं तुझं गणित संपलं होतं," आई म्हणाली. "तिथून पुढचं माझं होतं."

आणि तिने पाळणा ढकलला.